टर्बोवाली जुनी इस्टेट: नागपुरात रोज चालवायची तर

नागपूरच्या घरात गाडीची डिकी फार दिवस रिकामी राहत नाही. एप्रिल लागला की कूलर दुरुस्तीला न्यायचा असतो. हिवाळ्यात काटोल-नरखेडकडून संत्र्यांच्या पेट्या येतात. लग्नसराईत आजी-आजोबांसकट पाच माणसं आणि त्यांच्या बॅगा घेऊन अमरावती नाहीतर यवतमाळ गाठायचं असतं. सेडानच्या डिकीत जागा भरपूर असते, पण तिचं तोंड लहान. कूलर आत जातच नाही. एसयूव्हीत जातो, पण तो कमरेच्या वर उचलावा लागतो. इस्टेट या दोन्हींच्या मधली. बसायला सेडानसारखी खाली, छत मागपर्यंत सरळ गेलेलं, मागचं दार वर उघडणारं. मागची सीट पाडली की दाराच्या उंबऱ्यापासून पुढच्या सीटपर्यंत लांबलचक जागा मोकळी होते.

असं असूनही आपल्याकडे इस्टेट चालली नाही. म्हणूनच ती जुन्या बाजारात स्वस्त मिळते आणि म्हणूनच ती घेताना जास्त जपावं लागतं. या दोन्ही गोष्टींचं मूळ एकच आहे, तेव्हा आधी थोडा इतिहास पाहू.

टाटांनी पुण्यात बनवलेली ‘टाटा इस्टेट’ १९९२ साली आली. मोठी, दणकट, डिझेलवर चालणारी. पण तेव्हाच्या मध्यमवर्गाच्या खिशाला ती झेपणारी नव्हती. मारुतीने बलेनोची ‘अल्टुरा’ काढून पाहिली. ती पेट्रोलवर चालायची आणि तिला टर्बो नव्हता. खऱ्या अर्थाने टर्बोवाली आणि कुटुंबाला परवडेल अशी इस्टेट म्हणजे २००४ ची ‘इंडिगो मरीना’. इंडिकाच्या कुळातलं १४०५ सीसीचं डिझेल इंजिन, त्यावर टर्बो. त्याच दशकात स्कोडाची ‘ऑक्टाव्हिया कॉम्बी’ आली. औरंगाबादजवळच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत २००१ पासून ऑक्टाव्हियाची जुळणी होत होती. कॉम्बी हे तिचंच इस्टेट रूप. १८९६ सीसीचं टर्बो डिझेल, ताकद ९० अश्वशक्ती. डिकी ५४८ लिटरची, आणि मागची सीट पाडली तर १,५१२ लिटर.

मग या गाड्या गेल्या कुठे? इस्टेट म्हटलं की लोकांना अ‍ॅम्ब्युलन्स आठवायची, हे कारण नेहमी सांगितलं जातं आणि त्यात तथ्य आहे. पण माझ्या मते खरा घाव करपद्धतीने घातला. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि लहान इंजिनाच्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणलं गेलं. डिझेलसाठी इंजिनाची मर्यादा १५०० सीसी होती. म्हणजे मरीनाचं इंजिन मर्यादेत बसत होतं, लांबी बसत नव्हती. पुढे टाटांनी काय केलं ते पाहा: २००८ मध्ये त्याच इंडिगोची शेपूट कापून ‘इंडिगो सीएस’ आणली आणि ती धडाक्याने खपली. लांबी कमी केली तर सवलत मिळत असताना गाडी मागे वाढवत नेणं कोणत्याच कंपनीला परवडणारं नव्हतं. चार मीटरच्या आत कोंबलेल्या सेडान रस्त्यावर आल्या आणि इस्टेट मागे पडल्या.

युरोपात नेमकं उलटं घडलं. मर्सिडीजने १९८० साली आपल्या इस्टेटमध्ये टर्बो डिझेल इंजिन बसवलं आणि घरचं सामान वाहणारी गाडी महामार्गावरही दमत नाही, हे लोकांना पटलं. तिथे आजही इस्टेट ही पोराबाळांच्या घरातली नेहमीची गाडी आहे. आपल्याकडे ती फक्त वरच्या टोकाला उरली. व्होल्वोची ‘व्ही९० क्रॉस कंट्री’ २०१७ मध्ये साठ लाखांना आली, त्यानंतर मर्सिडीजची ‘ई-क्लास ऑल-टेरेन’ पाऊण कोटीच्या घरात. या दोन्ही वापरलेल्या मिळतात, किंमतही बरीच उतरलेली असते. पण सुटे भाग नव्या गाडीच्याच भावाने येतात, हे विसरू नका. गाडी वीस लाखांना मिळाली म्हणून तिचा खर्च वीस लाखांच्या गाडीचा होत नाही.

म्हणजे मध्यमवर्गीय नागपूरकराच्या पुढ्यात मरीना किंवा कॉम्बी, हेच दोन पर्याय उरतात. आता मुख्य प्रश्न टर्बोचा.

टर्बोची कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली तिचं पेटंट घेतलं. सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या गरम वायूंवर एक छोटी चक्री फिरवायची. तिच्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला बसवलेली चक्री बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवा जास्त म्हणून डिझेल जास्त जाळता येतं, आणि लहान इंजिन मोठ्या इंजिनाचं काम करतं. ही चक्री मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते. इतक्या वेगात धातूवर धातू घासून चालणार नाही, म्हणून दांडा ऑइलच्या अगदी पातळ थरावर तरंगत फिरतो. टर्बोचं सगळं आयुष्य त्या थरावर अवलंबून असतं. ऑइल वेळेवर बदललं नाही, हलक्या प्रतीचं घातलं, पातळी कमी ठेवली की पहिला मार तिथे बसतो.

नागपुरात यात उन्हाची भर पडते. मे २०१३ मध्ये इथे ४७.९ अंशांची नोंद झाली होती, आणि ४५ अंशांच्या आसपास तर पारा बहुतेक वर्षी जातोच. हवा तापली की विरळ होते. जानेवारीच्या १५ अंशांच्या सकाळी इंजिनात जेवढी हवा जाते, त्यापेक्षा मे महिन्याच्या दुपारी ४५ अंशांना सुमारे नऊ टक्के कमी जाते. टर्बो ही तूट बऱ्यापैकी भरून काढतो, हा त्याचा फायदाच. पण हवा दाबली की ती आणखी तापते. तिला थंड करण्यासाठी पुढे इंटरकूलर असतो, आणि त्यालाच समोरून तापलेली हवा मिळते. त्यात रेडिएटर गाळाने भरलेला, पंख्याची मोटर कमजोर आणि एसी पूर्ण चालू असेल, तर सीताबर्डीच्या गर्दीत तापमानाचा काटा वर सरकायला वेळ लागत नाही. होज पाईपचं रबरही याच उन्हात कडक होतं, तडकतं, आणि टर्बोने दाबलेली हवा त्या फटीतून निसटते. गाडीचा पिकअप जातो, काळा धूर येतो. मालकाला वाटतं टर्बो गेला. बरेचदा गेलेला असतो फक्त पाईप.

दुसरा त्रास गाडी बंद करण्याच्या सवयीतून होतो. वर्धा रोडवरून सुसाट येऊन घराच्या फाटकाशी लगेच चावी फिरवली की ऑइलचा प्रवाह थांबतो, पण चक्री लालबुंद असते. आत अडकलेलं ऑइल जळून कोळशासारखं चिकटतं. शेवटचं मिनिटभर गाडी शांत चालवावी, नाहीतर मिनिटभर न्यूट्रलवर राहू द्यावी. आधीच्या मालकाने हे पाळलं होतं का, हे कुणी कागदावर लिहून देणार नाही. ते गाडीलाच विचारावं लागतं.

आणि त्यासाठी गाडी थंड असताना बघायला जा. विकणाऱ्याला आदल्या रात्री सांगून ठेवा की सकाळी आम्ही येईपर्यंत चालू करू नका. गेल्या गेल्या बोनेटवर हात ठेवा. ते कोमट लागलं तर त्या दिवशी व्यवहार बोलू नका, दुसऱ्या सकाळची वेळ मागा. थंड इंजिन सेल्फला किती वेळ घेतं, सुरू होताना धूर कोणत्या रंगाचा निघतो, हे सगळं पहिल्या अर्ध्या मिनिटात दिसतं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. ते टर्बोच्या सीलमधून येत असेल किंवा पिस्टनच्या रिंगमधून. दोन्हींच्या खर्चात मोठा फरक आहे, म्हणून पुढची तपासणी हवीच. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण सैल करा. तिथून फुसफुस वाफ आणि धूर जोरात येत असेल, तर मेकॅनिक म्हणतात तसं ते इंजिन ‘बॅक कॉम्प्रेशन’ मारतंय. म्हणजे रिंग आणि सिलिंडर झिजले आहेत. अशी गाडी कितीही चकचकीत असली तरी सोडून द्या. थोडीशी वाफ मात्र जुन्या डिझेलला असतेच, तिला घाबरू नका.

मग इंजिन बंद करून टर्बोकडे हवा नेणारा पाईप मेकॅनिककडून काढून घ्या. आतल्या चक्रीचा दांडा बोटांनी अलगद हलवून पाहायचा. बाजूला किंचित हलला तर चालतं. ऑइलच्या थरासाठी तेवढी जागा मुद्दाम ठेवलेली असते. पण दांडा पुढे-मागे सरकत असेल, किंवा चक्रीची पाती भिंतीला घासून कडा खाल्ल्या गेल्या असतील, तर टर्बोचा खर्च किमतीतून वजा करा. पाईपच्या आत ऑइलचा हलका थर साहजिक आहे. थेंब थेंब साचलेलं ऑइल साहजिक नाही. या तपासणीला दहा-पंधरा मिनिटं लागतात. जो विकणारा तेवढं करू देत नाही, त्याच्याकडून गाडी घेऊ नये.

कॉम्बीच्या बाबतीत एक गोष्ट मी सगळ्यात वर ठेवीन: टायमिंग बेल्ट. तो चालत्या गाडीत तुटला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात आणि इंजिन उघडावंच लागतं. बेल्ट किलोमीटरने झिजतो आणि वयानेही. ‘बदललाय’ हे शब्द पुरेसे नाहीत, बिल हवं. बिल नसेल तर गाडी घरी आणण्याआधीच बेल्ट, त्याचे रोलर आणि पाण्याचा पंप बदलून घ्या. मरीनाचं इंजिन साधं आहे, गल्लीतला मेकॅनिकही ते उघडू शकतो आणि इंडिकाचे बरेच भाग त्याला चालतात. ही तिची खरी ताकद. तिचं दुखणं बॉडीत असतं: दारांच्या खालच्या कडा, मागच्या दाराचा तळ, स्टेपनी ठेवायचा खळगा. गालिचा उचलून बघा.

गालिचा उचलण्याला नागपुरात आणखी एक कारण आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे शहरात चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी वस्त्यांमध्ये शिरलं. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, मोर भवनचा परिसर पाण्याखाली गेला. घरांसमोर उभ्या असलेल्या असंख्य गाड्या त्या रात्री बुडाल्या. अशा गाड्या धुऊन, वाळवून, नव्या सीट कव्हरांसह पुन्हा बाजारात येतात. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. वर दिसणारा भाग धुतलेला असतो, आत गुंडाळलेल्या भागावर मातीची रेघ राहते. डॅशबोर्डच्या खाली फ्यूजच्या डब्यात हिरवट गंज दिसतो का, सीटच्या खालचे बोल्ट तांबूस झालेत का, तेही पाहा. इस्टेटमध्ये स्टेपनीचा खळगा सगळ्यात खाली असतो, गाळ तिथे हटकून सापडतो. बुडालेल्या गाडीचं इंजिन ठीक होऊ शकतं. वायरिंगचं दुखणं मात्र वर्षानुवर्षं पुरतं.

चालवून बघताना दुपार निवडा आणि एसी चालू ठेवा. खापरीपासून बुटीबोरीच्या दिशेने जा. तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन हळू असताना अॅक्सिलरेटर हळूहळू पूर्ण दाबा. जुना टर्बो क्षणभर थांबतो आणि मग ओढायला लागतो. ही ओढ सलग हवी, गचके नकोत. हलकी शिट्टी चालेल, सायरनसारखा वाढत जाणारा आवाज नको. चार जणांना बसवून आणि मागे सामान ठेवून एखाद्या गतिरोधकावरून नक्की जा, कारण इस्टेटचे मागचे शॉकअप आयुष्यभर ओझं वाहून थकलेले असतात. समृद्धी महामार्गावर जाण्याचा विचार असेल तर टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २०२२ च्या डिसेंबरात हा रस्ता नागपूर ते शिर्डी खुला झाला आणि २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा पूर्ण झाला. ताशी १२० ची परवानगी आणि तापलेलं काँक्रीट यांच्यासमोर जुनं रबर टिकत नाही, मग त्याची नक्षी कितीही शाबूत दिसो.

इंजिनाइतकीच काळजी कागदांची. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. नंतर फिटनेस तपासून पाच-पाच वर्षांसाठी वाढवावी लागते. आज मिळणाऱ्या बहुतेक मरीना आणि कॉम्बी या वयाच्या पलीकडे गेल्या आहेत. एप्रिल २०२२ मध्ये मोटारीच्या फेरनोंदणीचं शुल्क ६०० वरून ५,००० रुपये करण्यात आलं. त्यावर महाराष्ट्राचा पर्यावरण कर वेगळा. ‘नूतनीकरण करून देतो’ असं विकणारा म्हणत असेल तर ते आधी होऊ द्या, पैसे नंतर द्या. गाडी फिटनेसमध्ये अडकली तर तुमच्या अंगणात ती भंगार होऊन उभी राहील.

आरसीवर एमएच-३१ किंवा एमएच-४९ असेल तर गाडी शहरातली, एमएच-४० असेल तर ग्रामीणची. बाहेरच्या जिल्ह्यातली किंवा राज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८ लागतो. २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंधनं आल्यापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात विकायला येतात. त्या महाराष्ट्रात नोंदवताना इथला कर पुन्हा भरावा लागतो, तो धरला की स्वस्ताई बरीच ओसरते. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, कर्ज फिटलं असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. चेसिस नंबर स्वतः गाडीवर वाचा, आरसीवरच्या आकड्याशी ताडून पाहा. विम्यात नो-क्लेम बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. तो तुम्हाला मिळणार नाही. विमा नावावर करून घ्यायला चौदा दिवस असतात. आणि गाडी १ एप्रिल २०१९ पूर्वीची असल्यामुळे एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बसवलेली आहे का, तेही बघा.

आता हिशेब. रोज तीस किलोमीटर, वर्षाचे तीनशे दिवस, म्हणजे नऊ हजार किलोमीटर. कॉम्बीचं शहरातलं अ‍ॅव्हरेज पंधराचं धरलं तर ६०० लिटर डिझेल. नव्वद रुपयांनी ५४,००० रुपये. तेवढ्याच आकाराची पेट्रोल गाडी बाराचं देत असेल तर ७५० लिटर. एकशे चार रुपयांनी ७८,०००. वर्षाला २४,००० वाचले. रोजच्या तीस किलोमीटरसाठी डिझेल टर्बो घेणाऱ्याची सगळी बचत एवढीच, आणि एक टर्बो, एक पंप किंवा एक क्लच ती गिळून टाकतो. म्हणून ‘डिझेल आहे, परवडेल’ या एका कारणासाठी ही गाडी घेऊ नका. हेच घर महिन्यातून चार वेळा अमरावती किंवा चंद्रपूर करत असेल तर गणित बदलतं. लांब अंतरावर टर्बो डिझेल आपल्या स्वभावात येतं, ऑइल नीट तापतं, काजळी जळून जाते, इंजिन निरोगी राहतं. मंगळवारी बाजारापर्यंत भाजी आणण्यासाठी तेच इंजिन कुढत राहतं.

घरात दुसरी गाडी नसेल, आठवडाभर गाडी गॅरेजमध्ये राहिली तर नोकरी-शाळा अडणार असेल, तर जुनी टर्बो इस्टेट घेऊ नये, असं मी स्पष्ट सांगेन. पार्टची वाट बघण्याचे दिवस येतातच, कॉम्बीला तर नक्की. त्या घराने नव्यासारखी साधी पेट्रोल हॅचबॅक घ्यावी आणि कूलर टेम्पोने न्यावा. पण घरी दुचाकी किंवा दुसरी गाडी आहे, महिन्याला मोठे प्रवास आहेत, ओळखीचा डिझेल मेकॅनिक आहे आणि गाडीच्या किमतीच्या निम्मी रक्कम पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवता येते, अशांनी एकाच मालकाची, नागपूर-अमरावतीकडेच वापरलेली, बेल्टचं बिल असलेली कॉम्बी मिळाली तर घ्यावी. तिच्यासारखं ऐसपैस, रस्त्याला धरून चालणारं वाहन या पैशात दुसरं मिळत नाही. मरीना फक्त बॉडी शाबूत असेल तरच. आणि दोन्हींपैकी कोणतीही असो, पुढच्या पाच वर्षांचं नूतनीकरण आरसीवर छापलेलं दिसेपर्यंत टोकन देऊ नका.